पायाला हात लावू दिला नाहीत, मामा

मामा, तुमच्या मातीहून परत आलेली माणसं काय बोलत होती, ते तुमच्या कानावर घालायचंय. मी मामीला धरून ओट्यावर बसले होते. कडुलिंबाचा पाला चघळत दोघं जण आमच्या पुढ्यातूनच निघाले. एक म्हणाला, "घरात सिस्टर असून गेला की वो मानूस." दुसरा म्हणाला, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" मी ऐकतेय हे त्यांना दिसत होतं. तरी आवाज खाली केला नाही.

तोवर मी रडत होते. ते ऐकल्यावर रडू थांबलं आणि त्याच्या जागी राग येऊन बसला. काल तुमचा दहावा झाला, तरी तो हललेला नाही. त्या दोघांवर आहे, आपल्या भावकीवर आहे, पण सगळ्यात मोठा वाटा तुमचा आहे. गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुम्ही असतानाही बोलतच होते, तुम्ही हसून मान हलवायचात आणि करायचं तेच करायचात. पालथ्या घड्यावर पाणी.

तुम्ही पायाच्या जखमेनं गेलात. उजव्या अंगठ्याखाली चिंचोक्याएवढी जखम, तिच्यानं. शुगरच्या माणसांच्या अशा जखमा धुणं, कोरड्या करणं, पट्टी बांधणं हे माझं काम आहे. नगरच्या दवाखान्यात, सर्जिकल वॉर्डात मी पाळीभर तेच करत असते. परक्या माणसांचे पाय मांडीवर घेऊन बसते. आणि ज्या माणसानं मला वाढवलं, त्यानं आपला पाय मला दाखवला नाही. का, तर मी भाची.

आपल्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाचीच्या पाया पडतो. भाचीचा हात पायाला लागला तर मामाला पाप. ही रीत कुणी काढली मला ठाऊक नाही, पण तुमच्याइतकी नेमानं पाळणारा मामा मी दुसरा पाहिला नाही. मला शेंबूड पुसायची अक्कल नव्हती, तेव्हापासून तुम्ही माझ्या पायावर डोकं ठेवत आलात. शाळेच्या परीक्षेला निघाले की तुम्ही वाकणार. गावाला निघाले की वाकणार. कंपनीतून आलेले तेलकट हात आधी पँटीला पुसायचात आणि मग माझ्या पायांना लावायचात. मला गुदगुल्या व्हायच्या. मी खिदळायचे, आणि मामी म्हणायची, "देव हासतोय बगा."

दिवाळी सरली की आई-बापू ऊसतोडीला कोपरगावकडं जायचे. एक वर्ष मलाही नेलं होतं. तुम्ही रजा टाकून आमच्या पाचटाच्या कोपीवर आलात आणि मला उचललंत. "माझी भाची पाचटावर निजनार न्हाई," असं बापूंना तोंडावर सांगितलंत, आणि नागापूरच्या एमआयडीसीजवळ तुमची ती एक खोली होती, तिथं आणून ठेवलंत. तिथल्या शाळेत घातलंत. मामीनं माझ्या वेण्या घातल्या, उवा काढल्या. तुम्हाला मूलबाळ नाही असं लोक म्हणायचे, तेव्हा मला कळायचंच नाही की मग मी कोण आहे. यातलं काहीही मी विसरलेले नाही. विसरले असते तर राग एवढा आला नसता.

मी भूगोल घेऊन बी.ए. झाले, तेव्हा तुम्ही कंपनीत पेढे वाटलेत आणि भेटेल त्याला सांगत सुटलात, "आमची भाची तलाठी होनार." मला कुणी विचारलंच नव्हतं. मी अभ्यासिकेत जाऊन बसायला लागले. जाहिरात निघायची, पुढं ढकलली जायची, परीक्षा झाली की यादीत माझं नाव नसायचं. आजूबाजूला सगळ्या माझ्यासारख्याच पोरी, डबा आणणाऱ्या, त्याच त्या पुस्तकांना खुणा करणाऱ्या. आपण कशासाठी बसलोय हे एकमेकींना विचारायचं नाही असा जणू ठरावच होता.

मग मामीचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं आणि सोबत म्हणून मी दवाखान्यात राहिले. तिथं शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिला कुशीवर वळवायला सिस्टरला दुसरं माणूस हवं होतं, म्हणून मी हात लावला. कसं धरायचं ते सिस्टरनं सांगितलं. आम्ही तिला वळवलं, पाठीला उशी लावली, आणि ती म्हातारी "हुश्श" म्हणाली. एवढंच झालं. पण तीन वर्षं भूगोल शिकून आणि त्यावर अभ्यासिकेत कितीतरी दिवस घालवून माझ्यामुळे कुणी हुश्श म्हणालं नव्हतं. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

तुम्हाला सांगितलं तो दिवस आठवतो? तुम्ही पितळीत भाकरी कुस्करत होता.

"पदवी झाली न्हवं तुझी?"

"झाली."

"मंग?"

मी चौकशी करून आले होते. बारावीला मी आर्ट्सची. बायोलॉजी नाही, म्हणून नर्सिंगची पदवी मला थेट करता येत नव्हती. आधी तीन वर्षांचा जीएनएमचा डिप्लोमा, मग नोकरी, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक, तेव्हा ती पदवी. मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. तुम्ही भाकरी कुस्करायची थांबलात.

"म्हंजी बी.ए. झालेली पोरगी बारावीच्या पोरींसंगं बाकावर बसनार. मानूस पायऱ्या चडत जातं का उतरत येतं?"

"वरच्या पायरीवर काय आहे मामा? अभ्यासिकेची खुर्ची."

"आन् खालच्या पायरीवर काय हाय? लोकांचं हागनं-मुतनं!" पितळी तुम्ही पुढं सरकवलीत. "रोहिने, ज्या पोरीच्या पायावर मी डोकं ठेवतो, ती लोकांचे पाय धुनार व्हय?"

चुलीपाशी मामी बसली होती, पोटावरचे टाके अजून ओले. ती म्हणाली, "माझं समदं त्या पोरींनीच केलं की वो दवाखान्यात."

"त्या कुनाच्या तरी भाच्या असतील," तुम्ही म्हणालात, "माझ्या न्हाईत."

मामा, हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलंय! ड्यूटीवर हात धुताना, हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना. कधी हसू यायचं, कधी संताप. दुसऱ्याच्या भाच्यांनी मामीचं सगळं केलेलं तुम्हाला चाललं. त्या पोरींच्या मामांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं नसेल का? त्यांना कुणी देव मानत नसेल का? हे मी तुम्हाला विचारायचं ठरवलं होतं. प्रत्येक वेळी तुम्ही दुसराच विषय काढलात. पाण्याची टाकी, कंपनीतला सुपरवायझर, कुणाचं तरी लग्न.

तरी ट्रंक तुम्हीच उचललीत. बोलत नव्हता माझ्याशी, पण सोडायला आलात. नर्सिंग स्कूलच्या फाटकात पोरींची ही गर्दी, सतरा-अठरा वर्षांच्या, रिबिनी बांधलेल्या, आयांच्या गळ्यात पडून रडणाऱ्या. आमच्या मॅडम पायरीवर उभ्या. आणि तुम्ही त्या सगळ्यांदेखत ट्रंक खाली ठेवलीत, हात पँटीला पुसलेत आणि माझ्या पायावर डोकं ठेवलंत. पोरी रडायच्या थांबल्या. पहिलं वर्षभर मला वर्गात "देवी" म्हणून हाक मारत होत्या. "देवी, बेडपॅन आण गं." मी त्यांच्यापेक्षा इतकी मोठी, त्यात इंग्रजीत हाडांची नावं पाठ करताना माझीच बोबडी वळायची, त्यात हे! तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते. आज वाटतं, त्या पोरींना कळलं होतं ते मला कळलं नव्हतं. देवीकडं कुणी काम घेऊन येत नाही. देवीपुढं हात जोडतात, जखम उघडी करत नाहीत.

तीन वर्षं झाली, नोकरी लागली, आणि तुम्ही एकदम बदललात. वाटलं, मी जिंकले. एमआयडीसीत कुणाला चक्कर आली, कुणाचं बोट मशीनला लागलं, की तुम्ही त्याला घेऊन खोलीवर हजर. "आमची भाची सिस्टर हाय, बगंल ती." रविवारी माझी सुट्टी असली की दाराशी चपलांचा ढीग. मी ब्लडप्रेशर बघायचे, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायचे, ज्याला डॉक्टरांकडं जायला हवं त्याला दामटून पाठवायचे. तुम्ही मधोमध खुर्ची टाकून बसायचात आणि मी जे सांगेन ते दुप्पट आवाजात परत सांगायचात. "आयकलं का? गोळी सोडायची न्हाई!" आणि तुमच्या स्वतःच्या शुगरच्या गोळ्या देवाच्या फोटोमागं तशाच पडलेल्या. "गोड सोडलंय की मी," म्हणायचात. चहातली साखर सोडली म्हणजे झालं, असा तुमचा हिशेब.

असेच एकदा दळवीकाकांना घेऊन आलात. तुमच्या शेजारच्या लेथवर काम करणारे. त्यांनाही शुगर. तळपायाला भोक पडलेलं, आणि त्यांना पत्ताच नाही, कारण शुगर जुनी झाली की पाय बधिर होतात. खिळा घुसला तरी कळत नाही. मी त्यांना आमच्या ओपीडीत नेलं, डॉक्टरांनी जखम साफ केली, आणि पुढची पट्टी मी खोलीवर येऊन करत गेले. दळवीकाका खाटेवर पाय सोडून बसायचे, मी खाली फरशीवर. आणि घमेलं कोण धरायचं, मामा? तुम्ही. जखमेवरचं पाणी त्यात पडायचं आणि तुम्ही वाकून बघायचात. "आता लाल दिसतंय. लाल म्हंजी चांगलं न्हवं का गं?" मी म्हणायचे, हो, लाल म्हणजे भरत आली. "दुखत न्हाई म्हनून सोडून दिलं असतं तर काय झालं असतं?" असं तुम्ही मला विचारलंत. मी सगळं सांगितलं. कशी चिघळते, कशी हाडापर्यंत जाते, कसा पाय जातो, कसा माणूस जातो. दळवीकाकांनी कानाला हात लावला. तुम्ही घमेलं धरून उभे होता.

तुमच्या पायात तेव्हा मोजे होते. तुमच्या मोज्याच्या आतही तेव्हा तीच जखम होती. हे मला मामीनं सांगितलं, तुम्ही गेल्यावर. "तवाच हुतं गं त्यांच्या पायाला. सेफ्टी बुटात लोखंडाचा कीस गेलता म्हनं. मला म्हनले, रोहिनीला बोललीस तर बग." ती हळद आणि तेल लावून चिंधी बांधत राहिली. तिला मी काय बोलू? तिनं तुमचा शब्द पाळला. तुमच्या घरात सगळ्यांनी सगळं पाळलं.

काहीतरी आहे हे मला कळलं ते तुमच्या चालण्यावरून. तुम्ही टाच टेकून चालायला लागलात. मग तो वास. मोज्यांना कसलाही वास येऊ शकतो, पण त्या वासात मी दिवस काढते, मला कोण फसवणार? मी म्हटलं, पाय दाखवा. तुम्ही पाय खाटेखाली ओढलात.

"काय न्हाई. चिखल्या झाल्यात."

"मग दाखवा चिखल्या."

"भाचीनं पायाला हात लावायचा नसतो, रोहिने. मला पाप लावती का?"

"हात नाही लावत. हातमोजे घालते. रबराचा हात लागेल, माझा नाही."

तुम्ही हसलात. तेच तुमचं हसू, मान तिरकी करून. "देवाला हातमोजं कळत्यात व्हय गं?"

मी हरले होते का तेव्हा? नाही. मी म्हटलं, ठीक आहे, माझ्याबरोबर चला, दुसरी सिस्टर करेल, माझी मैत्रीण आहे, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तुम्ही म्हणालात, "सोताची भाची सिस्टर असून परक्या पोरीकडनं पट्टी करून घिऊ? तुला काय किंमत राहील मंग? लोक म्हनतील, मामाचाच इस्वास न्हाई भाचीवर."

म्हणजे मी हात लावायचा नाही, कारण मी भाची. आणि दुसरीनं लावायचा नाही, कारण मी सिस्टर. एका पायाला दोन दोरखंड बांधलेत तुम्ही, आणि दोन्हींची टोकं माझ्या हातात दिलीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. तुम्ही तर वळसाही घातला नाहीत, कळसा काखेत दाबून तहानेनं बसून राहिलात. मी रोज फोन करत होते, ओरडत होते, आईला मध्ये घातलं, आईनं भावाला शपथ घातली. तुम्ही आईला सांगितलंत, "बरं हाय आता." आईनं मला सांगितलं, "बरं हाय म्हनतोय." आणि लोक म्हणतात, घरात सिस्टर असून! ही चूक ते माझ्या पदरात घालू बघतात. मी घेणार नाही, मामा. माझ्या हातून झालेल्या चुका माझ्या. ही तुमची आहे.

तुम्हाला थंडी वाजून ताप भरला तेव्हा दळवीकाकांनीच तुम्हाला रिक्षात घालून आणलं. मी ड्यूटीवरच होते, निरोप मिळताच खाली धावले. मोजा जखमेला चिकटला होता. कॅज्युअल्टीच्या सिस्टरनं तो कात्रीनं कापला, आणि तिच्या खांद्यावरून तुमचा पाय मी पहिल्यांदा पाहिला. सांगत नाही कसा होता. मी पुढं झाले तर तेवढ्या तापातही तुम्ही पाय आखडायला बघत होता. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून काढावा लागेल. तुम्ही वाद घातला नाहीत. "काडा," म्हणालात. आणि मग माझ्याकडं बोट करून, "हिला भायेर पाटवा आदी."

शुद्धीत असताना माझ्याबद्दल एवढंच शेवटचं बोललात. हिला बाहेर पाठवा. मी बाहेर गेले. पाय काढला, पण विष आधीच रक्तात गेलं होतं. पुढचं मामीला मी सांगितलं, कारण ते सांगणं हेही माझ्या कामातलंच आहे.

मातीच्या दिवशी सगळे तुमच्या पायावर डोकं टेकत होते. एकच उरला होता, त्यावरच टेकत होते. दळवीकाका टेकून उठले आणि तिरडीला खांदा द्यायला गेले, त्या बऱ्या झालेल्या पायावर भक्कम उभे राहून. मी वाकले तर मागून आबांनी माझा दंड धरला. आबा म्हणजे तुमचे थोरले चुलत भाऊ, तेव्हा माझेही मामाच. "भाचीनं न्हाई टेकायचं डोकं. जाताना पाप नगं त्याला." मामा, मी नमस्कार करायला वाकलेच नव्हते. कापलेल्या पायाची पट्टी सुटली होती. मला ती नीट बांधायची होती.

मला लग्नाच्या वेळी बोहल्यावर तुम्हीच आणणार होता. ते मामाचं काम. किती वेळा सांगायचात, कोणता फेटा बांधणार ते. आता ते काम कोण करणार? ते टाकून गेलात याचाही राग आहे. आणि तुमच्याशी एक भांडण अर्धं राहिलंय. पोस्ट बेसिकला माझा नंबर लागला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "परत पदवी? एक हाय की." मी म्हटलं, ही नर्सिंगची. या पदवीवर पुढं नर्सिंग स्कूलमध्ये शिकवताही येतं. तुमचा चेहरा एकदम उजळला. "मास्तरीन व्हनार व्हय? आदी सांगायचं की गं! मंग पट्ट्या बंद." मी गप्प बसले, कारण बऱ्याच दिवसांनी तुम्ही खूश दिसत होता. आता सांगते. मला शिकवायचं नाही. मला वॉर्डातच राहायचंय. जखमा का भरत नाहीत आणि कशा भरतात, ते मला नीट शिकायचंय, त्यासाठी मला ती पदवी हवी आहे. ती मिळाल्यावरही मी पट्ट्याच बांधणार. करा काय करायचं ते.

काल दहाव्याचं जेवण उरकल्यावर माणसं ओट्यावर टेकली होती. तुमचा विषय निघाला, मग माझा. आबा म्हणाले, "भाऊसाहेबाची येकच इच्छा हुती. पोरीनं हे पट्ट्या बांदायचं सोडावं. पदवीधर हाय, कुटं बी मास्तरीन व्हईल. रोहिने, मामाच्या जिवासाटी तरी आयक." दोन-चार जणांनी माना डोलावल्या. आईनंही डोलावली.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि माझी नजर आबांच्या पायांवर गेली. एका चपलेचा पट्टा कापलेला होता. आत करंगळीला चिंधी बांधलेली, हळदीनं पिवळी झालेली.

"आबा, पायाला काय झालंय?"

त्यांनी पाय धोतराखाली घेतला. "काय न्हाई. ठेच लागली."

"कधी?"

"हुईल बरी."

"दुखतंय?"

"अजाबात दुखत न्हाई," आबा जरा फुशारकीनंच म्हणाले. "मंग कशाला बगायचं?"

मी उठले. मामीकडं बघितलं तर ती माझ्याआधीच उठून चुलीवर पाणी ठेवायला गेली होती. पर्समध्ये हातमोजे होते, ते मी घातले नाहीत. सगळ्या भावकीपुढं आबांच्या समोर खाली बसले आणि म्हणाले, "पाय पुढं करा."

"अगं भाची हायस तू. भलतंच काय! ऊठ, ऊठ आदी."

"पाय."

"रोहिने, पाप लागंल मला."

"लागू दे."

कुणीतरी मागून म्हणालं, पोरीचं डोकं फिरलंय. आई माझं नाव घेऊन ओरडली. मी हात घालून धोतराखालून पाय ओढला आणि मांडीवर घेतला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. पाय सोडवता येईना, तेव्हा त्यांनी माझ्यापुढं दोन्ही हात जोडले.

"हात जोडायचे तर जोडा," मी म्हटलं. "पाय हलवू नका."

मग ते हलले नाहीत. मी चिंधी पाण्यानं भिजवली, हळूहळू सोडवली आणि पाय उजेडाकडं वळवला. जखम लहान होती, मामा. तुमचीही लहानच होती.